बिनरांगोळीची जागा

आमच्याकडं काहीही आंतरराष्ट्रीय करायचं म्हटलं की पहिलं काम फ्लेक्सचं. अकोल्याच्या त्या सभागृहाबाहेर भला मोठा फ्लेक्स लागला होता. वर 'आंतरराष्ट्रीय अमूर्त चित्रांचे समूह प्रदर्शन' आणि खाली चेहरेच चेहरे. आयोजकांचे, उद्घाटकांचे, उद्घाटकांच्या साहेबांचे. एकानं तर गॉगल घातला होता. चित्र मात्र औषधालाही नाही. मी ऑटोतून उतरले, ते पाहिलं आणि रस्त्यातच खो खो हसले. त्या प्रदर्शनात मी हसले ते तेवढंच.

मी अमरावतीच्या एका शाळेत ड्रॉइंगची बाई आहे. पोरांना कमळ, गुलाब, तिरंगा शिकवते, 'माझा आवडता सण' काढून घेते आणि घरी आले की स्वतःचं काढते. स्वतःचं म्हणजे शेणामातीच्या रंगाचे अर्धगोल फटकारे, एकाला लागून एक, कॅनव्हास भरेपर्यंत. स्टाफरूममध्ये विचारतात, "मॅडम, हे नेमकं काय आहे?" मी म्हणते, "काही नाही." मग म्हणतात, "असं कसं, काहीतरी असेलच नं!" आता ह्यावर माणसानं काय बोलावं? मी डबा उघडते आणि जेवायला लागते.

ते काय आहे हे पहिल्यांदा बोलला तो माझा धाकटा भाऊ. घरात आम्ही त्याला लहानाच म्हणायचो, चाळिशी आली तरी लहाना. आम्ही वलगावचे माळी. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, दिवाळीला झेंडू आणि शेवंती. लहाना पहाटे अमरावतीच्या बाजारात माल उतरवायचा आणि परतताना माझ्याकडं चहाला यायचा. एकदा कप हातात धरून चित्रासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, हे तं मायनं सारवेल हाय."

"तुले काय कळते? वांगे वीक जाऊन," मी म्हटलं.

"अवं, खरं सांगून राहिलो. तिचा हात असाच फिरते. शाळेत पोराईले गुलाब शिकवते अन् घरी येऊन सारवते. सरकार तुले पगार कायचा देते?"

मी चिडले होते, पण गधड्याचं खरं होतं. तेव्हापासून तो आला की मोठ्यानं विचारायचा, "झालं काय सारवून?"

त्याच लहान्यानं वलगावच्या घरात टाईल्स बसवल्या. मायचे गुडघे गेले होते, बसली की उठवत नव्हतं. "आता सारवणं बंद," म्हणाला, "पोचा मार अन् खुर्चीवर बस." पांढऱ्या टाईल्स, मधोमध निळं फूल. त्याला फार कौतुक होतं त्याचं. चिखलाच्या पायांनी आलेल्या मला त्यानं बाहेर उभं करून पाय धुवायला लावले होते.

मग कोरोना आला. पहिल्या वेळी आमच्या घराला काही झालं नाही. दुसऱ्या लाटेत लहान्याला ताप भरला, श्वास लागायला लागला. अमरावतीत कुठं बेड मिळेना. शेवटी अकोल्याला एका दवाखान्यात जागा आहे असं कळलं. ॲम्ब्युलन्स दारात आली तेव्हा तो स्वतःच्या पायांनी चढला. मायनं विचारलं, "कुठी चालला रे?" तो मास्कमधूनच म्हणाला, "अकोल्याले जाऊन येतो."

तो आला नाही. मी दवाखान्याच्या फाटकाबाहेर होते. आत सोडत नव्हते. एका सकाळी माझ्या नावानं हाका मारल्या, कुठं तरी सही घेतली, आणि लांबून एक गुंडाळलेलं गाडीत ठेवताना मला दाखवलं. तोच, असं म्हणाले. मी मान हलवली. गाडी गेली. बस्स, एवढंच.

वलगावला घरी आले तेव्हा माय मेथी निवडत होती. मी उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं. ती माझ्याकडं पाहत राहिली आणि म्हणाली, "तू पायलं काय त्याचं तोंड?"

"नाई."

"मंग?"

ती पुन्हा मेथी निवडायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तिनं उभ्यानंच वाकून दारात रांगोळी काढली.

बाहेरच्या माणसाला ह्यात काय एवढं, असं वाटेल. आमच्याकडं सडा टाकला, सारवलं, की रांगोळी आलीच. निदान चार ठिपके, दोन रेघा. सारवलेली जागा आणि वर काहीच नाही, असं घरात कधी दिसतं? माणूस गेल्यावर. प्रेत उचललं की ती जागा सारवायची. तिथं दिवा लावायचा, भोवती पीठ पसरायचं, वर टोपलं झाकायचं आणि दुसऱ्या दिवशी पाहायचं की पिठात पाऊल उमटलं का, आणि कुणाचं. तेरवी होईपर्यंत दारात रांगोळी काढायची नाही. ते कोणी कोणाला शिकवत नाही, सगळ्यांना माहीत असतं. मायनं मात्र एक दिवस चुकवला नाही. गल्लीतल्या बाया मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "तिले सांग नं वं, असं नाई करू." चुलतभावानं दहावं केलं तेव्हा ती म्हणाली, "कोनाचं दहावं?"

आणि सारवायचं तरी कुठं? घरभर टाईल्स.

तेव्हापासून तिचं एकच. लहाना अकोल्याले गेला हाय. येतो म्हून गेला. रोज संध्याकाळी त्याचं ताट वाढते. झाकून ठेवते. सकाळी तेच शिळं स्वतः खाते. घरी कोणी आलं तर चहा व्हायच्या आत विचारते, "आमच्या लहान्यासाठी पोरगी पायजो एखांदी. काळी असली तरी चालन." लोकं माझ्याकडं पाहतात. मी कपाकडं पाहते. डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, वय झालं, धक्का आहे, वेळ जाऊ द्या. वेळ जाऊनच राहिला की! बाकी सगळं तिला कळतं. गॅस कधी संपेल ते कळतं, शेत वाट्यानं करणारा बटईवाला किती लबाड आहे ते कळतं. फक्त हे एक तिच्या डोक्यात शिरत नाही. ती एकदाही रडली नाही. मला, खरं सांगते, देवाकडून दुसरं काही नको होतं. मायनं एकदा ऊर बडवून रडावं, ताट वाढणं थांबवावं, आणि मरायच्या आधी तिला कळावं की तिचा पोरगा गेला. मी एकटीनं किती दिवस त्याला मेलेला ठेवायचा?

प्रदर्शनाचा फोन आला तो ह्यानंतर बऱ्याच काळानं. आयोजक म्हणजे अकोल्याचे एक निवृत्त प्राध्यापक. भला माणूस, पण उत्साह असा की पुढचा पळून जावा. म्हणाले, "मॅडम, पाचसहा देशांचे लोक आहेत. बरेचसे चित्रं पाठवून राहिले, एकदोन स्वतः येतील. वऱ्हाडातलं कोणी तरी पाहिजे नं! तुमचं ते तपकिरी द्या." मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. भाजी फोडणीला टाकता टाकता माझ्या डोक्यात आलं की कॅनव्हास नाही द्यायचा. जमीनच द्यायची. लहाना आडवा झाला की जेवढी जागा घ्यायचा तेवढी जमीन, आपल्या शेतातल्या मातीची, सारवलेली, वर काही नाही. ज्या गावात तो गेला त्याच गावात. आणि मायला तिथं नेऊन उभं करायचं.

आयोजकांना फोनवर सगळं सांगितलं. ते पलीकडून "वा, वा, फार कन्सेप्चुअल," म्हणत राहिले. त्यांच्या कानात किती गेलं देव जाणे.

माती आणायला मी वलगावला गेले. पोतं भरून अंगणात ठेवलं तशी माय बाहेर आली.

"माती कायले वं?"

"सारवाले."

"तुह्या घरी तं फरशी हाय."

"अकोल्याले सारवाचं हाय, माय," मी म्हटलं. मग एक श्वास घेतला आणि बोलून टाकलं. "लहान्याची जागा सारवतो."

पोत्यात हात घालून तिनं मूठभर माती काढली, चुरली, खाली सोडली. मला वाटलं, आता म्हणते, काहून? पण ती म्हणाली, "नुसती काळी नको घेऊ. कुटार टाक बारीक, नाई तं भेगा पडतीन." आणि आत जाऊन तुरीच्या भुशाचं गाठोडं घेऊन आली. मी पोत्यावर वाकून रडले. ती म्हणाली, "नाक पूस."

उद्घाटनाच्या दोन दिवस आधी मी अकोल्याला जाऊन काम केलं. मला एखादा कोपरा हवा होता. प्राध्यापक म्हणाले, "कोपरा कायचा? दारातच घ्या. आल्या आल्या पहिली नजर तुमच्यावर!" मंडपवाल्याकडून प्लायवूड आणवलं, त्यावर दोन बोटं मातीचा थर दिला, शेण आणि कुटार कालवून वरून सारवलं. गुडघ्यावर बसून, मागं सरकत सरकत, मायसारखा हात फिरवत. भिंतींवर एकेक चित्र चढत होतं. नळकांड्यांतून निघालेले मोठमोठे कागद, एक अख्खं पांढरं, एकावर नुसते खिळे. ती चित्रं चांगली होती, उगाच कशाला खोटं बोलू. एक पांढऱ्या केसांची परदेशी बाई बराच वेळ माझ्याजवळ उकिडवी बसून पाहत होती. तिनं शेणाला हात लावला, वास घेतला आणि मला अंगठा दाखवला. मीही दाखवला.

काम झालं. सभोवती लाल दोरीचे चार खांब उभे करून घेतले, बाजूला छोटी पाटी ठेवली, 'जागा'. उभी राहून पाहिलं. ओली, काळपट, कोरी. आयुष्यात पहिल्यांदा मी काढलेलं काहीतरी, काहीतरी होतं. मी प्राध्यापकांना दोन दोनदा बजावलं, "सर, ह्याच्यावर काही ठेवू नका. कोणाला पाय देऊ देऊ नका."

"मॅडम, बिनधास्त जा. जबाबदारी माझी."

उद्घाटनाच्या सकाळी मायला घेऊन अमरावतीहून बसलो. मला धास्ती होती की ती शेवटच्या क्षणी नाही म्हणेल. उलट ती आंघोळ करून, इस्त्रीचं लुगडं नेसून तयार होती. बडनेरा गेलं तरी गप्प. मूर्तिजापूरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा मी तिला चहा दिला. तिनं कप घेतला तर पदराच्या टोकाला लिंबाएवढी गाठ दिसली.

"गाठीत काय हाय, माय?"

ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "पीठ."

मी विचारलं नाही कशाला. विचारायचं होतं काय त्यात? थोड्या वेळानं तीच म्हणाली, "जागा सारवली म्हनतं तू. मंग पीठ नाई लागत काय? दिवा तठी भेटन." आणि मग, एवढ्या सगळ्या काळानंतर, तिचा खालचा ओठ थरथरायला लागला. ती तो दातांनी दाबून धरत होती. मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. बसमध्ये कोणाच्या तरी मोबाईलवर भजन चालू होतं, कंडक्टर सुट्ट्यावरून एकाशी भांडत होता, आणि मला वाटत होतं की आज माझी माय रडणार. आज तिचा पोरगा मरणार आणि आज ती मोकळी होणार. असं वाटण्यात आनंद होता हे सांगायला जीभ रेटत नाही, पण होता. अकोला येईपर्यंत मी तशीच बसले होते.

सभागृहाच्या फाटकापासून दारापर्यंत लाल दोरी लावली होती, पाहुण्यांना वाट म्हणून. ती दोरी मी ओळखली. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. बँड उभा होता. फ्लेक्सवरचे दोघंतिघं प्रत्यक्ष आले होते. मी मायचा हात धरून दारात गेले.

जागेवर रांगोळी होती.

साधी नाही. अख्खी जागा भरून टाकलेली. चारी कोपऱ्यांत मोर, कडेला वेल, हिरवा, गुलाबी, पिवळा. मधोमध 'सुस्वागतम्'. त्यावर हळदीकुंकू वाहिलेलं, झेंडूच्या पाकळ्या. आणि दाराकडून आत येणारी लक्ष्मीची पावलं, पांढरीशुभ्र, एकामागं एक. माझी पाटी कोणी तरी नीट पुसून भिंतीला टेकवून ठेवली होती.

स्वागत समितीच्या तीन बाया तिथं उभ्या होत्या, भरजरी साड्या, बोटं अजून रंगलेली. त्यातली एक पुढं आली आणि माझे हातच धरले. "मॅडम, तुमीच नं? अवं, तुमचं सारवून झालं अन् रांगोळी राहूनच गेली! आमी सकाळी आलो तं पायतो काय, दारात जागा बोडकी. चांगल्या कामाले कसं दिसते ते? म्हटलं, मॅडमले वेळ नसन भेटला. आमी तिघी लागलो अन् करून टाकलं." ती इतकी प्रेमानं बोलत होती की मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. भीक नको पण कुत्रा आवर, हे असं असतं. पहाटे उठून, आपल्या घरची रांगोळी आणून, कंबर मोडेपर्यंत वाकून त्या बायांनी माझी लाज राखली होती. सारवलेलं पाहून त्यांना दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. ती परदेशी बाई पलीकडून फोटो काढत होती. तिनं पुन्हा मला अंगठा दाखवला.

"पुसा," मी म्हणाले. "पुसा ते सगळं. आत्ताच्या आत्ता पुसा!"

प्राध्यापक धावत आले. "मॅडम, मॅडम, पाहुणे चौकात आले. छान तर दिसतंय. उलट लोकसहभाग झाला."

"लोकसहभाग गेला खड्ड्यात! सर, मी तुम्हाला काय सांगितलं होतं? ही माझ्या भावाची जागा आहे."

"हो, हो, ते आहेच," ते म्हणाले आणि फाटकाकडं पाहायला लागले.

मी चपला काढल्या, गुडघ्यावर बसले आणि पहिल्या मोरावर पंजा ठेवला. एक हात फिरवला असता तर गेलं असतं सगळं. माती तीच होती, खाली तशीच होती. तेवढ्यात माझं मनगट कोणी तरी धरलं. म्हातारीच्या हातात एवढा जोर कुठून आला कुणास ठाऊक.

"काय करून राहिली?" माय म्हणाली.

"पुसतो, माय. चुकून काढली त्याईनं."

"हात काढ. घातलेली रांगोळी पुसते काय कोनी? अवलक्षनी."

"माय, ही लहान्याची जागा हाय. तुले सांगतलं होतं नं? तू पीठ आनलं नं?"

ती माझ्याकडं पाहतच नव्हती. ती पावलांकडं पाहत होती. तिचा ओठ थरथरायचा थांबला होता. तिनं वाकून, दाराकडल्या पहिल्या पावलापासून आतल्या शेवटच्या पावलापर्यंत नजर नेली, पुन्हा आणली, आणि तिचा चेहरा असा उजळला की मी तो तिच्या तरुणपणीच पाहिला असेन.

"पाय वं," ती म्हणाली, "आत येऊन राहिली पावलं. मेलेल्याच्या जागेवर रांगोळी काढत नाई कोनी. ह्या तिघी का येड्या हायत? सवाशिनी हायत त्या." आणि त्या बाईकडं वळून तिनं विचारलं, "बाई, कोन येनार हाय वं?"

ती बाई बिचारी हसून म्हणाली, "पाहुणे, आजी. येतच हायेत, बसा."

"पायलं नं?" माय मला म्हणाली. "मी काय सांगत होती?"

बँड सुरू झाला. त्यापुढचं उद्घाटन जसं होतं तसं झालं. पाहुण्यांनी रांगोळी ओलांडताना धोतर उचलावं तशी पँट उचलली, सगळे हसले. दीप लावला. भाषणात एक जण म्हणाला की ही चित्रं समजत नाहीत हेच त्यांचं वैशिष्ट्य. मला स्टेजवर बोलावून शाल आणि नारळ दिला. माय पहिल्या रांगेत बसली होती आणि कोणाच्या भाषणाकडं तिचं लक्ष नव्हतं. ती मान वळवून दाराकडं पाहत होती. दरवेळी कोणी आत आलं की ती अर्धवट उठायची आणि पुन्हा बसायची. मी शाल पांघरून वर उभी होते आणि ते पाहत होते. मला तेव्हा किंचाळता आलं असतं तर बरं झालं असतं.

परतीच्या गाडीत शाल तिच्या मांडीवर होती. ती घड्या घालत होती, उलगडत होती, पुन्हा घालत होती. "चांगली हाय," म्हणाली. "लहान्याच्या लग्नात कामी पडन. व्याह्याले देऊ." मूर्तिजापूरला मी खाली उतरले नाही. तिनंच खिडकीतून हात काढून चहा घेतला आणि मला दिला. फार खुशीत होती. बडनेऱ्यापर्यंत बोलत होती, वांग्याचं, बटईवाल्याचं, टाईलवर पाय घसरतो म्हणून लहान्याला खरबरीत टाईल आणायला सांगायचं, ते.

वलगावला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. तिनं पाय धुतले, चूल नव्हे, गॅस पेटवला, परात घेतली. मग पदराची गाठ दातांनी सोडवली आणि ते पीठ परातीत झटकलं. डब्यातलं आणखी थोडं घातलं, मीठ टाकलं, पाणी घेतलं. मी दाराला टेकून उभी होते. ती कणीक मळत होती. अर्धगोल, एकाला लागून एक, हात तसाच फिरत होता.

पोळी झाली, तूप लागलं, लहान्याचं ताट वाढलं गेलं, वर झाकण पडलं.

पुढं प्राध्यापकांचा फोन आला. प्रदर्शन जोरात झालं म्हणाले. प्लायवूड मंडपवाला घेऊन गेला, माती झाडून बाहेर टाकली, पण फोटो फार सुंदर आले आहेत. पुढच्या वेळी असंच करू, रांगोळीसकट. मी फोन ठेवला. त्या तीन बायांवरचा रागही आता उरला नाही. त्यांच्या जागी मी असते आणि ते चित्र दुसऱ्या कोणाचं असतं, तर मीही काढली असती. ते फटकारेही मी नंतर काढले नाहीत. कॅनव्हास पलंगाखाली आहे, उंदरांनी कोपरा खाल्ला आहे.

आधी मी मायला समजावू तरी शकत होते. भांडत होते, रागावत होते, 'तो गेला, माय' म्हणत होते. आता कोणत्या तोंडानं म्हणू? तिनं डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि दाखवायला मीच घेऊन गेले होते. गल्लीतल्या बायांना ती सांगते, "अकोल्याले दारात पावलं काढून ठेवली होती त्याच्यासाठी. माही पोरगी संग होती, इचारा तिले." त्या माझ्याकडं पाहतात. मी हो म्हणते.

दर रविवारी मी वलगावला जाते. तिचे गुडघे आता पार गेले, ओट्याशी उभं राहवत नाही. ती खुर्चीवर बसून सांगते, वरण घे, वांगं घे, कांदा त्याले बारीक लागते. मी वाढते, झाकते आणि सकाळी निघायच्या आधी ते शिळं मीच खाते.